निळीची बादली

हिंदुरावाला लाज म्हणून नव्हती. नळाला पाणी आलं की हा बाबा अंगणातल्या दगडावर बसायचा, मोटारीचा जाड पाइप डोक्यावर धरायचा आणि तोंडाला साबण फासून फुर्र फुर्र करत अंघोळ करायचा. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे त्याची विधवा भावजय, बजाबाई, कोरड्या नळाखाली घागर लावून बसलेली. आणि हे सगळ्या गल्लीदेखत!

पाणी यायचं चार-पाच दिवसांनी, तेही घटकाभर. दोन्ही घरांना रस्त्यावरून एकच नळ, अंगणात जोड देऊन दोन फाटे काढलेले. त्याच्या फाट्याला धबधबा, हिच्या फाट्याला नुसती फुसफुस.

"वैनी, वायसर गेलं असंल," तो भिंतीवरून सांगायचा. "न्हायतर जाळीत कचरा असंल. न्हाईच जमलं तर मागा की! दोन घागरी देतो."

मागा की, म्हणे! बजाबाईने स्वतः पाना घेऊन नळ खोलला. जुन्या चपलेचं रबर कापून वायसर बसवलं, जाळी टाचणीनं टोकरली, आट्यांना पांढरी टेप गुंडाळली. तरी फुसफुसच.

उद्या नातवाचं जावळ. आज पिंप भरलं नाही, तर मंगळवेढ्याच्या व्याह्यांसमोर भिंतीपल्याड घागर धरायची पाळी. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटलं.

रागारागानं तिनं तोटीच्या तोंडाला तळवा लावला. नळानं तो आत ओढून धरला. सुटेचना! तेवढ्यात पलीकडची मोटारीची घरघर थांबली आणि हात सुटला. पुन्हा घरघर सुरू, पुन्हा तळवा चिकटला.

बजाबाई तळव्यावरच्या लाल वळाकडे बघत राहिली. म्हणजे नळ धडधाकट होता. हा मेला मोटार थेट नळाला जोडून रस्त्याचं पाणी तर ओढत होताच, वर तिच्या नळातला वाराही पीत होता. आणि तिला मात्र वायसर कापायला लावून मिशीत हसत होता!

"वैजयंते," तिनं सुनेला हाक मारली, "निळीची बाटली आण. सगळी."

"आत्याबाई, कपडे धुवायला पाणी कुटंय?"

"कपडे न्हाय, माणूस धुवायचाय."

रांजणाच्या तळाशी उरलेलं शेवटचं पाणी तिनं बादलीत ओतलं, त्यात नीळ कालवली. नळाला रबरी नळी खोचली, तिचं दुसरं टोक बादलीत बुडवलं आणि तोटी पूर्ण उघडली. बादली गुडगुडली. बघता बघता तळ दिसला.

पलीकडे पाइपाखाली डोळे मिटून बसलेल्या हिंदुरावाला काही पत्ता नव्हता. त्याची बायको म्हाळसाबाई किंचाळली, "अवो, बंद करा ती मोटार! तुमचं काय झालंय बघा!"

मोटार थांबली. बजाबाईच्या नळीतून आधी निळं, मग नितळ पाणी उसळलं. निळं वाहून गेल्यावर वैजयंतीनं नळी पिंपात सोडली.

भिंतीवर पांढऱ्या मिशांसकट निळं झालेलं तोंड उगवलं. "वैनी! नळात काय घातलंत?"

"मी कुटं घातलं? तुमच्या मोटारीनं ओढून नेलं."

"मोटारीत, पाइपात नीळच भरलीया. आता हे धुवू कशानं?"

बजाबाई उठली, पदर खोचला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मागा की भाऊजी! दोन घागरी देते. आन् ध्यानात ठेवा, आज नीळ हुती. मोटार लावायची का न्हाय ते तुमी ठरवा, बादलीत काय कालवायचं ते मी ठरवीन."