वापरण्यास अयोग्य

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. कुणी मला व्हीलचेअर म्हणतं, कुणी नुसतंच 'ती जुनी' म्हणतं. पण गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे मागाहून तुम्ही मला नावं ठेवणार नाही. माझा स्वभाव मत्सरी आहे. शेजारची खुर्ची सुरळीत धावताना दिसली की माझ्या चाकांतल्या छऱ्यांत खडा अडकल्यासारखं होतं. हे चांगलं नाही, हे मला कळतं. कळलं म्हणून कुणाचा मत्सर थांबतो का?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर हिरवं रेक्झिन ताणून बसवलं. एका शिंप्याने मला त्याच्या आईसाठी विकत घेतलं. आई तीन वर्षं माझ्यावर बसून खिडकीतून रस्ता बघत असे. ती गेल्यावर मी रिकामी कोपऱ्यात उभी राहिले, आणि शिंप्याला माझ्याकडे बघवेना. मग एका सकाळी तो मला ढकलत एका निवृत्त नर्सकडे घेऊन गेला. तिला सगळं गाव सिस्टर म्हणायचं.

"तुमच्याकडे राहू दे," तो म्हणाला. "कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

सिस्टरच्या मनात कधीपासून होतं, की ज्याचा पाय मोडला त्याला खुर्ची-कुबड्या फुकट वापरायला मिळाव्यात, आणि बरा झाला की त्याने त्या परत आणून द्याव्यात. एका बंद पडलेल्या छापखान्यामागच्या दोन खोल्या तिला मिळाल्या. तिथे तिने केंद्र काढलं. नोंदवहीत पहिलं नाव माझं. मित्रांनो, पहिल्या नंबराचा मान काय असतो हे तुम्हाला सांगायला नको.

त्यानंतरची बारा वर्षं माझी सुखाची. पाय मोडलेल्या बेकरीवाल्याने माझ्यावर बसूनच महिनाभर पाव भाजले. माझ्या सांध्यांत मैदा गेला तो निघता निघेना. एका शाळकरी मुलीने मला उतारावरून इतकं पळवलं की तिची आई मागून ओरडत धावली. एक आजोबा मला कुणाला ढकलू देत नसत. "मी काय हातगाडीवरचा भाजीपाला आहे?" असं म्हणून ते स्वतःच चाकं फिरवत.

आणि चित्रकलेचे सर. त्यांच्या पायांतली ताकद गेली होती, पण दर गुरुवारी त्यांना आपल्या जुन्या शाळेत मुलांची चित्रं बघायला जायचंच असे. त्या दिवशी मी फक्त त्यांची. "अगदी मऊ चालते हो ही," असं ते रस्त्यात भेटेल त्याला सांगत. मला ते ऐकून फार बरं वाटे.

माझं दुखणंखुपणं बघायला सायकल दुरुस्त करणारे मिस्त्री होते. दर दोन महिन्यांनी ते यायचे, चाकं उलटी करायचे, तेल घालायचे, सैल झालेले नट आवळायचे. पैसे घ्यायला तयार नसत. "सिस्टर, चहा द्या, बास," म्हणायचे. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचे, "हिला काही होत नाही."

पण गाव वाढलं, माणसं वाढली, पडणारेही वाढले. खुर्ची मात्र मी एकटीच. सिस्टरच्या वहीत वाट बघणाऱ्यांची नावं एकवीसपर्यंत गेली. तेव्हा तिची भाची मदतीला आली. हुशार पोरगी. कॉम्प्युटरसमोर बसून ती दिवसभर अनुदान देणाऱ्या संस्था शोधायची. एक संस्था फक्त लहान मुलांसाठी द्यायची, दुसरी फक्त शेतीसाठी. तिसरीला तीन वर्षांचे तपासलेले हिशोब हवे होते, आमच्याकडे दोनच वर्षांचे. एका फॉर्ममध्ये विचारलं होतं, 'तुमच्या कामात नवीन काय आहे?'

"काय लिहू आत्या?"

"नवीन काही नाही," सिस्टर म्हणाली. "लोक पडतात, आपण उचलतो."

तसंच लिहिलं. नकार आला.

अखेर एक बडी संस्था सापडली. ती नवीन साधनं घेऊन द्यायची. सगळं जुळत होतं. फक्त एका रकान्यात विचारलं होतं, 'सध्याच्या साधनांची स्थिती.'

"आत्या, इथे 'ठीक' लिहिलं तर ते म्हणतील, मग नवीन कशाला हवंय?"

भाचीने मला दाराशी ओढलं, माझ्या हातावरचं रेक्झिन जिथे फाटलं होतं ती बाजू उजेडाकडे केली आणि फोटो काढला. मग तिने टाईप केलं आणि आत्याला वाचून दाखवलं: "सध्याची खुर्ची मोडकळीस आलेली असून वापरण्यास अयोग्य आहे."

मिस्त्री तेव्हा दारातच माझ्या चाकात हवा भरत होते. "अयोग्य?" ते म्हणाले. "अहो, काल तर सर हिच्यावरून शाळेत जाऊन आले."

"मिस्त्री, वहीत एकवीस नावं थांबलीयेत," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. आणि तिने सही केली.

मी काय बोलणार? मला तोंड नाही.

अनुदान मंजूर झालं. सहा नव्या खुर्च्या आल्या. निळ्या, हलक्या, एका हाताने घडी होणाऱ्या. प्रत्येकीच्या पाठीवर देणाऱ्या संस्थेच्या नावाची चकचकीत पट्टी. गल्लीतल्या बायका येऊन त्यांच्या गादीवरून हात फिरवून गेल्या. माझ्यावरून बारा वर्षांत कुणी असा हात फिरवल्याचं मला आठवत नाही.

वाटपाच्या दिवशी संस्थेच्या निरीक्षक बाई आल्या. फाईल छातीशी धरलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी निळ्या खुर्च्या मोजल्या, फोटो घेतले. तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. मिस्त्री मला एका बाईसाठी तयार करत होते.

"ही तीच ना, फोटोतली? हिला तर तुम्ही अयोग्य लिहिलंय. मग देताय कशी? अयोग्य असेल तर त्या बाईंच्या जिवाला धोका. आणि योग्य असेल, तर..."

सिस्टरचा चेहरा पडला. "नाही, नाही देणार," ती घाईने म्हणाली.

त्या दुपारी मला मागच्या खोलीत नेलं, जुन्या पलंगामागे उभं केलं आणि चाक फिरू नये म्हणून सुतळीने बांधलं. माझं काहीच मोडलं नव्हतं, मित्रांनो. एका वाक्याने मला अडकवून ठेवलं होतं.

मागच्या खोलीच्या खिडकीतून रस्ता दिसे. निळ्या बाहेर पडत, परत येत, कुणाकुणाच्या घरच्या गोष्टी अंगाला लावून येत. एकीला साबणाचा वास, एकीच्या चाकाला बागेतली माती. मी ते बघत राही आणि आतल्या आत जळे. पहिल्या गुरुवारी सर आले. त्यांना निळी दिली. ते टेकले आणि म्हणाले, "वा! काय गादी आहे!" बारा वर्षं त्यांना वाहिलं, पण असं 'वा' माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. त्या दिवशी मी मनात म्हटलं, एकदा तरी तुझं चाक निखळू दे. म्हणजे कळेल सगळ्यांना.

आठ महिने गेले. निळ्यांची पुढची चाकं लहान, गुळगुळीत फरशीसाठी केलेली, आणि आमचे रस्ते खडबडीत दगडांचे. एक करकरू लागली, दुसरी एका बाजूला ओढू लागली. मिस्त्रींनी उघडून पाहिल्या. "यांचे छरे बंद डबीत आहेत. तेल जात नाही. कंपनीचाच भाग लागेल." कंपनीला पत्र गेलं, उत्तर नाही. भाचीने अनुदान देणाऱ्या संस्थेला विचारलं, तर कळलं की दुरुस्ती त्यांच्या योजनेत बसत नाही. पुढच्या वर्षी नव्या साधनांसाठी पुन्हा अर्ज करता येईल.

"म्हणजे जुनी मोडू द्यायची आणि नवी मागायची," मिस्त्री म्हणाले. "सोपं आहे."

मग एका सकाळी सर मुलांच्या चित्रांच्या प्रदर्शनाला निघाले. शाळेच्या उतारावर निळीचं पुढचं चाक निखळलं. सर पुढे फेकले गेले. उजवं मनगट मोडलं, ज्या हाताने ते चित्रं काढत, तोच हात.

त्या निळीला आणून माझ्या शेजारी उभं केलं, तीन चाकांवर कलती. मिस्त्री सगळी हकिकत सांगत होते. मित्रांनो, माझ्या शापाने चाक निखळत नसतं, हे मला ठाऊक आहे. ते झिजलं होतं म्हणून निखळलं. पण चाक निखळल्याचं ऐकलं तेव्हा आधी मला आनंद झाला. सर मागाहून आठवले. तो क्षण मला अजून टोचतो.

सिस्टर सरांना भेटून आली, ती सरळ मागच्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. भाची तिच्यासाठी पाणी घेऊन आली.

"सर विचारत होते, जुनी का नाही दिलीत," सिस्टर म्हणाली. "म्हणाले, मोडली का ती? मी म्हटलं, मोडली नाही, मी तसं लिहून दिलं."

"वाक्य माझं होतं, आत्या."

"सही माझी होती. आता त्या संस्थेला खरं काय ते कळवायचं."

"असं पत्र गेलं तर आपल्याला पुन्हा कुठून अनुदान मिळणार नाही. या संस्था एकमेकींना सांगतात. सगळं केंद्र बंद पडेल."

"सांगू देत," सिस्टर म्हणाली. "पण हात मोडून पडलेल्या माणसाला मी किती वेळा तेच उत्तर देऊ?"

तिने ते पत्र स्वतःच्या अक्षरात लिहिलं. ती जुनी खुर्ची तेव्हाही चांगली होती, आजही आहे, मी खोटं लिहून दिलं. एवढंच.

अकरा दिवसांनी निरीक्षक बाई आल्या. फाईल तशीच छातीशी. मागच्या खोलीत येऊन त्यांनी मिस्त्रींना सुतळी सोडायला सांगितली, आणि मग त्या स्वतः माझ्यावर बसल्या. मिस्त्री गोंधळले. "ढकला," बाई म्हणाल्या. मिस्त्रींनी मला रस्त्यावर नेलं, दगडांवरून, शाळेच्या उतारावरून खाली आणि पुन्हा वर. इतक्या महिन्यांनी वारा लागला. कुरकुरायला हवं होतं, पण मी अगदी गप्प चालले. त्या दिवशी चुकूनसुद्धा आवाज करायचा नाही, असं ठरवलंच होतं.

"चालते," बाई म्हणाल्या. माझ्यावर बसूनच त्यांनी फाईल उघडली, 'अयोग्य' शब्दातला 'अ' खोडला, बाजूला तारीख घालून सही केली. मग सिस्टरला म्हणाल्या, "दोन वर्षं तुम्हाला आमच्याकडे अर्ज करता येणार नाही. नियम आहे, माझ्या हातात नाही. निळ्या राहू देत."

सिस्टरने मान हलवली. बाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "नवीन वस्तू देणारे पुष्कळ आहेत. दुरुस्तीला देणारे शोधा. थोडे आहेत, पण आहेत."

भाची पुन्हा शोधायला बसली. या वेळी तिला खरंच घाम गाळावा लागला. कुठे दुरुस्तीचा रकानाच नसे, कुठे अनुदानातून पगार द्यायला बंदी. चार महिन्यांनी एका लहानशा विश्वस्त निधीचा एक पानी फॉर्म तिच्या हाती लागला. पहिलाच प्रश्न होता, 'तुमच्याकडे जे आहे, ते कोण सांभाळतं?'

तिने तो मोठ्याने वाचला. मिस्त्री खाली बसून माझा एक नट आवळत होते. तो आधीच घट्ट होता, तरी ते आवळतच राहिले. भाचीने एकही शब्द न सजवता लिहिलं: एक सायकल मिस्त्री, बारा वर्षं, चहावर.

ते पैसे आले. त्यातून मिस्त्रींना बाकडं मिळालं, हत्यारं मिळाली, महिन्याचा पगार मिळाला. निळ्यांना मोठी पुढची चाकं बसली. त्यांना आता तेलही घालता येतं. मीही बाहेर आले. सध्या माझ्यावर एक तोंडाळ आजी बसतात. त्यांना मऊ गादी चालत नाही, ताठ पाठच लागते. दिवसभर त्या सुनेवर ओरडतात आणि मी त्यांना बागेत फिरवते.

गेल्या गुरुवारी आजी केंद्रातच नातीच्या हाताला धरून चालायचा सराव करत होत्या, म्हणून मी मोकळी होते. सर आले. मनगट जुळलं, पण जरा वाकडं. रेघ थरथरते, असं ते म्हणाले. पण मुलांना थरथरणारी रेघ फार आवडते म्हणे. दाराशी मी आणि ती निळी, दोघी उभ्या. सरांनी माझ्या हातावर हात ठेवला. "हिच्यावर किती फिरलो मी," ते म्हणाले. माझ्या चारही चाकांत जणू नवी हवा भरली.

"पण आज निळीच द्या, मिस्त्री. गादी मऊ आहे."

मिस्त्रींनी तिचं पुढचं चाक तीनदा हलवून पाहिलं आणि सरांना बसवलं. ती सरळ, आवाज न करता निघून गेली. मला काय वाटलं, ते तुम्ही ओळखालच. फक्त या वेळी तिचं चाक निखळावं असं माझ्या मनात आलं नाही. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी तिच्या चाकाकडेच बघत होते.

मित्रांनो, नवं जरूर मागा. ज्याला गरज आहे त्याने मागावंच. पण नवं मिळावं म्हणून जुन्याला मोडकं म्हणू नका, आणि नवं घरी आलं की त्याला तेल कोण घालणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा. निळ्यांची काळजी घ्या, माझीही घ्या.

आणि मिस्त्री दिसले तर त्यांना सांगा, तेल आधी मला.