हवालदारांच्या मुलीचा परतावा

साखर कारखान्याच्या सांगलीच्या कचेरीत हंगामी माणसं महिन्याच्या महिन्याला पगार उचलत नसत. हातात आला की खर्चून जातो, तेव्हा राहू दे कचेरीतच, गळीत संपल्यावर सगळा एकदम द्या, असं ती स्वतःच सांगत. कचेरीलाही ते सोयीचं होतं. म्हणून १९७२ च्या मार्चअखेरीस शालू जगदाळेला सहा महिन्यांचा पगार एकाच पाकिटात मिळाला. एक हजार ऐंशी रुपये यायचे होते, निघाले नऊशे अठ्ठ्याऐंशी. तिने दोनदा मोजले, मग पाकीट उलटं करून झटकूनही पाहिलं.

शालू म्हसवडची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी कॉलेज आणि दुपारी तीन ते सात ऊसबिलं टाइप करायची. तिचे वडील लालासाहेब पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी एका अटीवर तिला सांगलीत ठेवलं होतं. शिक्षण आपल्या कमाईवर कर, कमी पडलं तर गुमान घरी ये. शेवटच्या वर्षाची फी आणि खोलीचं भाडं मिळून तिने हजार ऐंशीचाच मेळ घातला होता. त्यातले ब्याण्णव गेले म्हणजे शेवटचं वर्ष गेलं, इतका साधा हिशेब होता.

हिशेबनिसाने मान वर न करता सांगितलं की तो इन्कमटॅक्स कापला आहे. झालं होतं असं, की सहा महिन्यांचा पगार त्याने एका महिन्याचा समजून बाराने गुणला होता. कागदावर शालू वर्षाला तेरा हजार मिळवणारी बाई ठरली होती! चूक दाखवल्यावर त्याने ती मान्यही केली. पण पैसे आता भरून झाले, आणि सरकारात गेलेलं कधी परत आलंय का, असं म्हणून त्याने पुढचं पाकीट हातात घेतलं. वाचकहो, त्याला हसू नका. आपण सगळे मनातून हेच मानतो.

शालू ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होती त्या चंपाबाई हळदीच्या अडत दुकानाच्या मालकीण. पती गेल्यापासून दुकानाचा कर त्या स्वतः भरत आणि आयकर कचेरीच्या पायऱ्या त्यांना पाठ होत्या. त्यांनी शालूला शांतपणे समजावलं, की वर्षाची कमाई पाच हजारांच्या आत असेल तर कर लागतच नाही. कारखान्याचा दाखला घे, फॉर्म भर, पैसे परत येतील. शालूने दाखला आणला, फॉर्म भरला. नेमके त्याच दिवशी लालासाहेब म्हसवडहून आले आणि सगळं ऐकून त्यांनी तो फॉर्म घडी करून खिशात घातला.

"मी सरकारचं मीठ खाल्लंय," ते म्हणाले. "आत्ताच लढाई झालीया, पोरं तिकडं पडली. आन् माझी लेक सरकारकडं पैसं मागाय जाणार? देशाला दिलं आसं समजायचं. चल घरी."

शालू ट्रंक भरू लागली.

चंपाबाईंनी दोघांपुढे चहा ठेवला. मग त्यांनी लालासाहेबांना विचारलं, पलटणीत बूट लहान आला तर काय करत होता? बदलून घेत होतो, ते म्हणाले. कुणाकडून? सरकारकडूनच. मग तेव्हा मीठ आड आलं नाही का?

"त्यो हक्काचा बूट हुता, बाई."

"मग ह्ये कुणाचं हाय, भाऊ? सहा म्हैनं पोरगीनं बोटं झिजवल्यात. देशाला द्यायचं तर द्या की, लय चांगलं हाय. पण ते खुशीनं द्यायचं. चुकून गेलेल्याला दान म्हणत न्हाईत. आन् सरकारला चूक कळलीच न्हाई तर ते सुधारायचं कसं? भिऊन गप बसणाऱ्यापेक्षा इचारणारा माणूस सरकारच्या जास्त कामाचा."

लालासाहेबांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी खिशातून फॉर्म काढला, मांडीवर ठेवून हाताने सारखा केला आणि मुलीकडे दिला. मी संगं येतो, एवढंच ते बोलले.

आयकर कचेरीत शिरताना बापलेक दोघंही दबकत होती. लालासाहेबांनी तर चपला दाराबाहेर काढल्या, देवळात काढाव्यात तशा. साहेब तरुण होते. त्यांनी शालूला खुर्ची दिली. दाखला आणि फॉर्म वाचून त्यांनी स्वतः आकडेमोड केली आणि म्हणाले, "हे तुमचे पैसे आहेत, बाई. आमच्याकडे चुकून आलेत. आम्ही परत करू." विनवणी नाही, वशिला नाही, कुणाचा हात ओला करणं नाही. बाहेर येऊन लालासाहेब चपला घालायचंच विसरले आणि त्या घ्यायला रस्त्यावरून माघारी गेले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. वर सिंहांची मुद्रा, खाली टाइप केलेलं 'कु. शालू लालासाहेब जगदाळे', आणि आत ब्याण्णव रुपयांचा परताव्याचा आदेश. फीची मुदत संपायला चार दिवस होते. लालासाहेब त्या दिवशी सांगलीतच होते. त्यांनी कागद हातात धरला. वीस वर्षं सरकारचे कागद त्यांना येत होते, पण ते सगळे हुकूम असायचे. इथे निघ, तिथे हजर हो. एवढं मोठं सरकार, हिमालयापासून समुद्रापर्यंत पसरलेलं, आणि त्याने म्हसवडच्या एका पोरीच्या बाबतीत झालेली चूक सुधारून, तिचं नाव लिहून, पै न् पै परत केली होती! त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"शालू, तुझ्याबरोबर हंगामी किती जण हुती?"

नऊ, तिने सांगितलं. सगळ्यांचे असेच कापलेत. कुणी मागितले नाहीत.

"नावं लिहून दे."

शालूने तो आदेश बँकेत वटवून फी भरली. आणि लालासाहेब एस.टी.ने आटपाडीपर्यंत फिरले. एकाला शेतात गाठलं, एकाला खाणीवर. कुणी म्हणे जाऊ द्या, कुणी म्हणे कचेरीचं भ्या वाटतं. ते प्रत्येकाजवळ बसून राहत, तो हो म्हणेपर्यंत.

जुलैतल्या एका सकाळी आयकर कचेरीच्या व्हरांड्यात नऊ माणसं हातात दाखले घेऊन ओळीने बसली होती. शालू फॉर्म भरून देत होती. आकाराम नावाच्या शेवटच्या माणसाने दारापाशी वाकून चपलेला हात घातला, तेव्हा लालासाहेबांनी त्याचा दंड धरला.

"असू दे पायात," ते म्हणाले. "ही आपलीच कचेरी हाय."

बंधुभगिनींनो, देश आपला आहे असं आपण सणासमारंभाला म्हणतो. देणं असेल ते बिनचूक द्यावं, आणि हक्काचं असेल ते ताठ मानेने मागावं. दोन्ही करील तोच खरा नागरिक.