हातभर रेंज

डेल्मर हॅस्केट आणि त्याची मुलगी जनेल यांनी एकत्र घालवलेला शेवटचा साधा दिवस म्हणजे ऑक्टोबरातला एक शनिवार. तो जवळजवळ सगळा एका कॅम्परशी झटण्यातच गेला.

कॅम्पर जुना होता. ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवलेली ती एक खोलीच होती. आत शेगडी, फ्रिज, जेमतेम वळता येईल एवढी मोकळी जागा, आणि पुढे, ट्रकच्या केबिनवर झुकलेल्या भागात, बिछाना. दर वर्षी बर्फ पडायच्या आत डेल्मर तो घेऊन आयडाहोतून खाली नेवाडात उतरायचा आणि एका कोरड्या खोऱ्यात मुक्काम टाकायचा. तिथं गरम पाण्याचं एक डबकं होतं, आणि एकमेकांपासून लांब लांब उभ्या केलेल्या म्हाताऱ्यांच्या थोड्या गाड्या. बाकी काही नाही. फोनला रेंज तर नाहीच. बायको हिंडती-फिरती होती तोवर दोघं मिळून जायची. दोन वर्षांपूर्वी वर्ना गेली आणि तो एकटा जायला लागला. तो तिकडे असेपर्यंत जनेल आयडाहोत, ट्विन फॉल्स गावात बसून न लागणारा फोन लावत राहायची.

यंदा तिनं बूस्टर आणला. बाहेरच्या अँटेनानं लांबच्या टॉवरचा मरतुकडा सिग्नल पकडायचा, मधल्या यंत्रानं तो वाढवायचा आणि आतल्या छोट्या अँटेनानं तो फोनला द्यायचा, असं ते प्रकरण होतं. डेल्मरनं खोका उघडून वायर हातात घेतली आणि म्हणाला, खोऱ्यातले सगळे हसतील मला, म्हातारपणी गळ्यात घंटा बांधलेली गाय म्हणतील. जनेल म्हणाली, गाय सापडते तरी.

दोघंही सकाळपासूनच दमलेली होती. जनेलच्या वाचनालयात आठवडाभर पुस्तकांची मोजणी चालू होती आणि तिची पाठ अजून सरळ होत नव्हती. डेल्मरला वर्ना आजारी पडल्यापासून धड झोप लागत नसे. ती गेल्यावरही ती सवय गेली नव्हती. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तो थांबला, गाल फुगवून श्वास सोडला, खाली उतरला आणि एक बादली पालथी घालून तिच्यावर बसला. तिथून त्यानं हुकूम सोडायला सुरुवात केली. जन्मभर रस्त्यावरचं बर्फ सारणारा ट्रक चालवलेल्या माणसाचा आवाज होता तो, इंजिनावरूनही ऐकू जाणारा.

पहिला हुकूम होता, छताला भोक पाडायचं नाही. खोक्यातल्या कागदात तर भोक पाडायला सांगितलेलं होतं. पण अशी गाडी बाळगणारी माणसं पावसापेक्षा भोकाला जास्त भितात. भोक म्हणजे गळती, गळती म्हणजे कुजलेलं लाकूड. ड्रिल पाहून डेल्मर म्हणाला, "माझ्या डोक्याला पाड हवं तर. छताला नाही."

मग जनेलनं बाहेरचा अँटेना मागच्या शिडीच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळला आणि वायर फ्रिजच्या वरच्या हवेच्या जाळीतून आत सोडली. आत गुडघ्यांवर बसून तिनं यंत्र बाकाखालच्या कपाटात बसवलं, बॅटरीला जोडलं. लाल दिवा लागला; हिरवा व्हायला हवा होता.

ट्रकवरच्या कॅम्परची अडचण हीच असते की तो आखूड असतो. आतला अँटेना बोलतो ते बाहेरच्याला ऐकू जातं, बाहेरचा तेच पुन्हा आत पाठवतो, आणि यंत्र स्वतःचाच आरडाओरडा ऐकून बंद पडतं. जनेलनं हे समजावून सांगितलं तेव्हा डेल्मर म्हणाला, म्हणजे तुझ्या बेव मावशीचं घर. जनेल हसली, आणि हसल्यावर पाठीत कळ आली.

आतला अँटेना तिनं फ्रिजवर ठेवून पाहिला, मग खिडकीशी, मग दाराशी. लाल, लाल, लाल. दुपार कलली. डेल्मरनं डब्यातलं मिरचीचं मटण गरम केलं आणि दोघांनी ते उभ्या उभ्याच खाल्लं. शेवटी एकच जागा उरली, मागच्या शिडीपासून सगळ्यात लांबची. ती होती केबिनवरच्या बिछान्यात, उशीजवळ. जनेल वर चढली, आडवी झाली आणि अँटेना कोपऱ्यात चिकटवून दिव्याकडे बघत राहिली. छत नाकाला टेकेल इतकं जवळ होतं. उशीला अजून आईच्या मलमाचा वास होता, की तिला तसं वाटलं.

खाली डेल्मर हत्यारं पुसत होता. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच तो बोलला.

"तुझ्या आईला मी त्या ठिकाणी नेऊन ठेवलं, शेवटी," तो म्हणाला. "तू काही बोलली नाहीस तेव्हा."

जनेलनं अँटेना बोटभर सरकवला.

"नंतरही नाही बोललीस."

चार वर्षं त्यानं वर्नाला उचललं होतं, न्हाऊ घातलं होतं, भरवलं होतं. शेवटी स्वतःचीच पाठ गेली आणि एकदा वर्ना हातातून निसटली, तेव्हा त्यानं तिला शुश्रूषागृहात ठेवलं. ती तिथंच गेली. त्या दिवसापासून जनेलच्या गप्प बसण्याला तो दोष देणं समजत होता आणि जनेलला ते माहीत होतं. तिनं दोष दिलाच नव्हता. तिनं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, आणि त्यातली माणसं असल्या वेळी लांबलचक बोलायला लागली की ती पानं उलटायची. त्यांच्या घरात टायर, तेल, हवामान यांवर बोललं जाई आणि बाकीचं त्यातच समजून घेतलं जाई. हे मात्र त्यात मावलं नव्हतं. शब्द तिच्या तोंडाशी आले.

"हिरवा झाला," ती म्हणाली.

त्यानं फडकं खाली ठेवलं. "झाला का," म्हणाला. "बरं."

मग फोन हातात घेऊन दोघांनी तपासलं. उशीपासून हातभर अंतरापर्यंत रेंज चांगली येत होती. तिथून एक पाऊल मागं सरकलं की गेली. याहून मोठा अँटेना लावला असता तर दिवा पुन्हा लाल झाला असता. एवढं पुरे, डेल्मर म्हणाला, मी काही भाषणं देणार नाहीये.

रविवारी उजाडताच तो निघाला. संध्याकाळी त्याचा निरोप आला: पोचलो, हिरवा आहे. तिनं लिहिलं, बॅटरीवर लक्ष ठेव. त्याचं उत्तर आलं नाही. तिनंही आणखी काही लिहिलं नाही.

सोमवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती पुस्तकांना पाठपुठ्ठे चिकटवत होती. फोनवर डॅड असं नाव आलं. तिला बरं वाटलं. कानाला लावला तर आवाज बाईचा.

"मी फिलिस. तुझ्या वडलांच्या पलीकडे माझी गाडी असते. जनेल ना तू? बसली आहेस का कुठं?"

खोऱ्यात एक रीत होती. कुणी कुणाच्या जवळ गाडी लावायची नाही, कुणाच्या दारावर थाप मारायची नाही. पण सकाळी खुर्ची बाहेर काढली की शेजाऱ्याकडे बघून एकदा हात वर करायचा. आज डेल्मरची खुर्ची बाहेर होती आणि त्यात डेल्मर होता, पण फिलिसनं दोनदा हात वर केला तरी त्याचा वर गेला नाही. ती चालत आली. त्याचा चेहरा मातीसारखा होता, एक बाजू लोळागोळा. तो शुद्धीवर होता, पण बोलता येत नव्हतं. त्यानं नजरेनं कॅम्परकडे खुणावलं, म्हणून ती आत शिरली आणि उशीपाशी फोन सापडला. मदतीसाठी तिनं त्याच फोनवरून आधीच कळवलं होतं. हेलिकॉप्टर निघालं होतं, पण यायला वेळ लागणार होता.

जनेलनं विचारलं, फोन त्याच्या कानाला लावता येईल का. फिलिस म्हणाली, "करून पाहिलं, पोरी. उशीपासून लांब नेला की तुटतो. आणि त्याला उचलून आत आणणं माझ्यानं होणार नाही, पंचाहत्तरची आहे मी. तू मला सांग, मी त्याला सांगते."

जनेल म्हणाली, सांगा, मदत निघाली आहे. सांगा, मीही निघते आहे. फिलिसची पावलं पायरीवरून उतरलेली ऐकू आली. मग नुसता वारा, आणि कुठंतरी भांडं खडखडल्यासारखं. बाहेरच्या दालनात कुणीतरी प्रिंटरशी झगडत होतं.

फिलिस धापा टाकत परत आली. "सांगितलं. पापणी हलवली. ऐकू येतंय त्याला." ती श्वास घ्यायला थांबली. "जनेल, मी परिचारिका होते. तुला खोटं सांगणार नाही. आणखी काही सांगायचं असेल तर आताच सांग. मग मी त्याच्याजवळच बसेन, पुन्हा आत येणार नाही."

हातातला पाठपुठ्ठा जनेलनं टेबलावर ठेवला. बोटांना डिंक होता. पलीकडे एक अनोळखी बाई तिच्या बापाच्या बिछान्याशी वाकून वाट बघत होती. तिला ते ऐकावं लागणार होतं, पाठ करावं लागणार होतं, आपल्या तोंडानं बोलावं लागणार होतं.

"त्याला सांगा," जनेल म्हणाली, "जसंच्या तसं सांगा."

"जसंच्या तसं."

"डॅड, आईला तू तिथं ठेवलंस ते बरोबर केलंस. तुझ्यात काही शिल्लक राहिलं नव्हतं. मला दिसत होतं. मी तुला दोष दिला नाही, डॅड. एक दिवससुद्धा नाही."