सातभाईंचा सगळ्यात चांगला फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि माझ्या भिंगात बुरशी धरली आहे. लगेच हळहळू नका. आधी माझं ऐका, मग काय ते ठरवा.

कारखान्यात माझं भिंग बसवणाऱ्या बाईंनी मला उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "हा तर सुईचं नेढंसुद्धा दाखवील!" तेव्हापासून माझं नाक वर ते वरच. मला विकत घेतलं एका चष्मेवाल्यानं. बसस्टँडमागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं, एका माणसापुरतं. त्याला भिंगांची पारख होती. रोज संध्याकाळी तो मला मऊ फडक्यानं पुसायचा आणि पुसताना माझ्याशी बोलायचा. लोक हसायचे. मला काय, मी फुशारून जायचो.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. हजार ओळींत एक वेलांटी चुकली तरी तिच्या नजरेतून सुटायची नाही. दर रविवारी सकाळी दोघं गावाबाहेरच्या काटेरी झुडपांत सातभाई बघायला जायचे.

सातभाई तुम्ही पाहिले असतील. मातकट रंग, पिवळे डोळे आणि कायम कोणीतरी उधारी बुडवल्यासारखा चेहरा. नाव सातभाई, पण मोजाल तर कधी नऊ, कधी अकरा, आणि त्यांत बहिणीही असतात! सगळे मिळून पालापाचोळा उलथतात आणि एकटा वर बसून राखण करतो. पिल्लं एका जोडीची असली तरी चारा सगळे भरवतात. ताईला त्यांचं भारी वेड. "बघ रे," ती म्हणायची, "भांडतात कचाकचा, पण एकाला सोडून दुसरा जात नाही. आपल्यासारखेच!"

तिचा एकच नियम होता. फांदीला हात लावायचा नाही. "तो पाला म्हणजे त्यांच्या घराचं दार. दार उखडून कोणी फोटो काढतं का?" त्यामुळे माझे फोटो निम्मे पानांचेच यायचे. पानांमागे एखादी चोच, एखादी शेपटी. मी मनातून चरफडायचो. खोटं कशाला बोलू?

मग ताईचे डोळे अधू व्हायला लागले. आतला पडदाच झिजत चालला होता. चष्मेवाल्यानं नंबर बदलून पाहिले, काचा बदलून पाहिल्या, मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर दिसेल, पुढचं सांगता येत नाही. जगाला चष्मे देणारा माणूस, आणि सख्ख्या बहिणीपुढे हात टेकले. त्या उन्हाळ्यात एका झुडपात सातभाईंनी घरटं केलं. आतून पिल्लांची चिवचिव यायची. ताई डोळे बारीक करून बघायची आणि हसून म्हणायची, "ऐकू येतात ना, पुष्कळ झालं."

पण त्याला ते पुष्कळ वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन एकटाच आला. खिशातून चष्म्याची तार तोडायची छोटी पक्कड काढली आणि घरट्यासमोरच्या तीन डहाळ्या तोडल्या. तीनच. घरटं उघडं पडलं आणि मी, मित्रांनो, हरखलो! चार पिल्लं, चार उघड्या चोची, आणि अळी भरवणारा सातभाई. त्यानं खटका दाबला. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो.

गावातल्या फोटो स्टुडिओवाल्यानं तो मोठा करून दिला. एक प्रत काचेच्या कपाटात लावली आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवत सुटला. ताईनं भिंग लावून फोटो पाहिला आणि लहान मुलीसारखी ओरडली, "अरे, चार आहेत! धाकट्याला अजून पिसंसुद्धा नाहीत रे!" चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी छाती तर मावेना.

रविवारी दोघं गेले. लांबूनच ताई थबकली. "हा रोजचा कलकलाट नव्हे," ती म्हणाली. डहाळ्या तोडून पडलेल्या फटीसमोरून दोन कावळे उडाले आणि सातभाई किंचाळत त्यांच्या मागे लागले. चष्मेवाल्यानं मला डोळ्याला लावलं. घरटं रिकामं होतं. काठावर एक सातभाई चोचीत अळी धरून उभा होता. आत वाकला, थांबला, उडाला, परत आला, परत वाकला. चष्मेवाल्याचं बोट खटक्यावर होतं, पण त्यानं तो दाबला नाही.

"निसर्गच आहे ताई," तो कसाबसा म्हणाला. ती वाटभर रडली.

घरी आल्यावर पिल्लांना शेवटचं बघावं म्हणून तिनं पुन्हा फोटोवर भिंग धरलं. बराच वेळ फिरवत राहिली. मग एका जागी थांबली. घरट्यापुढे तीन पांढरे ठिपके होते. ताज्या कापलेल्या डहाळ्यांची टोकं.

"हे तू तोडलंस?"

तो मला पुसायच्या फडक्याची घडी घालू लागला.

"बोल ना रे."

"तुझ्यासाठीच केलं गं ताई. तुला एकदा स्पष्ट दिसावं म्हणून."

"मला पुसट चाललं असतं," ताई म्हणाली. "ती पिल्लं जगायला हवी होती."

चुगली मीच केली, मित्रांनो. माझ्यात तेवढंच कसब होतं, सगळं स्पष्ट दाखवण्याचं.

त्यानंतर तिनं भिंग हातात घेतलं नाही. पावसाळा सरायच्या आत डोळे गेलेच. आयुष्यात तिनं शेवटचं स्पष्ट पाहिलं ते ती तीन टोकं. आता त्या घरात चहा आणि औषध एवढंच बोलणं होतं. त्यानं मला न पुसता कपाटात ठेवलं. त्या रविवारसाठी भरलेलं नवं रीळ अजून कोरंच माझ्या पोटात आहे. सातभाई ते झुडूप सोडून गेले. स्टुडिओच्या कपाटात तो फोटो मात्र अजून आहे, आणि लोक थांबून वा वा करतात.

माझी बुरशी कोणी पुसू नका, तेवढी माझी लायकी नाही. पण तुमच्या हातात कधी कॅमेरा आला आणि घरट्यापुढे एखादं पान आडवं आलं, तर ते तिथंच राहू द्या. फोटो पुसट आला तर पुसट येऊ द्या.