चौकटीवरचे कान

मी ढब्बू बोलतोय. घाबरू नका, चावायचा नाही! खरा ढब्बू, घरचा कुत्रा, खाली सतरंजीवर घोरतोय. मी भिंतीवर टांगलेला, फळीवरच्या रंगांचा.

मला काढलं बाईंनी. दिवसभर त्या लोकांचे कपडे शिवतात आणि मशीन थांबलं की चित्रं काढतात. शिकवायला कोणी नव्हतं, त्यांनी कोणाला विचारलंही नाही. त्यांची एकच रीत, आधी डोळे. डोळे बोलायला लागले की उरलेला प्राणी त्यांच्याभोवती बसवायचा. माझे डोळे 'बिस्किट द्या ना' म्हणत म्हणत एवढे मोठे झाले, की फळीवर कानांना जागाच उरली नाही. दुसऱ्या कोणी मला पुसून टाकलं असतं. बाईंनी सरळ लाकडी चौकटीवर कान काढले, एक लोंबता, एक टवकारलेला.

"चौकट म्हणजे तरी काय, लाकूडच ना!" म्हणाल्या.

मालक, म्हणजे बाईंचे यजमान, मात्र घुमे. कुलपं दुरुस्त करतात आणि स्वतःच्या तोंडालाही एक लावून ठेवतात. बाईंनी चित्र दाखवलं की "हं" म्हणायचे आणि चहाकडे वळायचे. बाई हसण्यावारी न्यायच्या, पण ब्रश धुताना पुटपुटायच्या, "एकदा तरी चांगलं म्हणा की हो!" मला फार वाईट वाटायचं.

मग वाचनालयाच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन ठरलं आणि बाईंनी मला निवडलं. आदल्या दिवशी त्या अस्तराचं कापड आणायला बाहेर पडल्या, तशी मालकांनी मला काखोटीला मारलं आणि थेट चौकटवाल्याकडे नेलं.

"जुनी काढा, डागाळलीय. सोनेरी लावा, एकदम झकास!"

बायकोला खूश करायला निघाला होता हो भाबडा माणूस! संध्याकाळी बाईंनी माझ्यावरचा कागद सोडला आणि मटकन खालीच बसल्या.

"अहो, याचे कान कुठायत?"

मालकांचा चेहरा पांढराफटक. "ते... डाग नव्हते?"

अनवाणीच धावले. चौकटवाल्याच्या कचऱ्यात लोंबता कान सापडला, दुसऱ्याचा भुसा झाला होता. तो तुकडा बाईंपुढे धरून म्हणाले, "चुकलं गं. मी कधी नीट बघितलंच नाही."

बाई आधी रडल्या, मग हसत सुटल्या. मालकांनी जुना कान बारीक स्क्रूंनी सोनेरी चौकटीवर बसवला, दुसरा बाईंनी सोनेरी रंगावरच काढला. प्रदर्शनात लोक माझ्यापुढे थांबून हसले, एका चिमुरडीने तर बिस्किट पुढे केलं. मी धन्य झालो.

प्रदर्शनानंतर एका सकाळी दुकानाला निघताना मालक माझ्यापाशी थांबले. इकडेतिकडे बघून लोंबत्या कानाशी वाकले. "ढब्बू, फार सुंदर काढते रे ती. तिच्यासमोर तोंडच उघडत नाही माझं."

दाराआड बाई उभ्या होत्या. हातात कपबशी, डोळे काठोकाठ भरलेले.

आता ते रोज काहीतरी सांगतात आणि बाई रोज दाराआड येऊन उभ्या राहतात. या दोघांचे उपकार कसे फेडू? कधी आलात तर मला जरूर बघा, पण बाईंना सगळं ऐकू जातं हे मालकांना सांगू नका. बिचारे पुन्हा "हं"वर येतील.