डाव्या हाताचे ओरखडे

मी जर्मनीतल्या सोलिंगनचा वस्तरा बोलतोय, आणि रागाने बोलतोय. गोड बोलणं माझ्या अंगात नाही. सत्तर वर्षं तोंड मिटून बसलो, आता ऐकून घ्या.

माझ्या पात्याच्या बुडाशी नाव ठोकलंय, एवाल्ड. लोक ते वाचतात आणि माना डोलावतात. "वा! काय हात होता म्हाताऱ्याचा!" कसला हात? मी घडलो त्या हिवाळ्यात तो पलंगावर खोकत पडला होता हो! धार लावायच्या सहाणेच्या धुळीने त्याची छाती पोखरली होती. मला घासलं त्याच्या बायकोने, हेडविगने.

वूपर नदीकाठच्या आमच्या गल्लीत सगळे घरीच काम करायचे. कारखान्यातून ओबडधोबड पाती यायची, पुरुष ती सहाणेवर घासायचे आणि बायका टोपली डोक्यावर घेऊन पोचवायला जायच्या. सहाणेवर बाईने बसायचं नाही, हा अलिखित कायदा. कुणाला कळलं असतं तर एवाल्डला पुन्हा एकही पातं मिळालं नसतं. म्हणून हेडविग दार लावून बसायची आणि सहा वर्षांच्या मार्लीजला, आपल्या मुलीला, खिडकीत उभं करायची. "कुणी येताना दिसलं की मोठ्याने गाणं म्हण," एवढंच पोरीला सांगितलेलं.

हेडविग डावखुरी. म्हणून माझ्या अंगावरचे बारीक ओरखडे उलटीकडे झुकलेत. इतकं पातळ घासलं तिने मला, की अंगठ्याच्या नखावर टेकवलं तर धार जराशी वाकते आणि पुन्हा सरळ होते. बाकीची पाती विकली गेली. मला मात्र तिने नवऱ्यापुढे ठेवलं.

"घे, दाढी कर. तुझंच नाव आहे त्याच्यावर."

त्याने दाढी केली. गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ठीक आहे."

ठीक आहे! तीस वर्षं रोज सकाळी माझ्याकडून गाल गुळगुळीत करून घेतले, गुत्त्यात बसून स्वतःच्या हाताची तारीफ ऐकली, आणि बायकोचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. मी दोनदा त्याच्या हनुवटीला चावलो. मुद्दाम चावलो, खोटं कशाला बोलू?

हेडविग गेली, मग तोही गेला. मी त्यांच्या धाकट्या मुलाच्या, होर्स्टच्या वाट्याला आलो. हा स्वतः चाळीस वर्षं सहाणेवर बसलेला कारागीर, आणि त्याने माझ्याकडून काय करून घ्यावं? खिडकीच्या काचेवर उडालेला रंग खरवडला! मग टाकून दिलं फळीवर, गंजत.

गेल्या महिन्यात गावात जुन्या कामाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा होर्स्टसाहेबांना माझी आठवण झाली. मार्लीजच्या स्वयंपाकघरात, वॅफलच्या ताटाशेजारी, तो पॉलिशचं यंत्र मांडून बसला.

"आरशासारखा करतो बघ. गंज, ओरखडे, सगळं साफ. बाबांच्या नावाला शोभला पाहिजे."

गंज काढ की, कोण नको म्हणतंय? पण ओरखडे गेले की हेडविग गेली. तिच्या हाताचा दुसरा पुरावा या जगात कुठेच नाही. मी काय करणार होतो? यंत्र सुरू झालं.

"बंद कर ते," मार्लीज म्हणाली. ऐंशीला टेकलेली बाई, आवाज थरथरत होता. "तो आईने घासलाय."

"काय बोलतेस? डोकं फिरलं का तुझं?"

"मी खिडकीत उभी होते, होर्स्ट. घसा बसेपर्यंत गायले आहे. तू पाळण्यात होतास तेव्हा."

"बाबा असते तर थोबाड फोडलं असतं तुझं!"

"बाबा असते तर खाली मान घालून बसले असते. कारागीर म्हणवतोस ना स्वतःला? मग बघ की नीट."

त्याने यंत्र थांबवलं. मला उजेडात धरलं, तिरपं केलं, नखावर टेकवलं.

"डावा हात आहे," तो शेवटी म्हणाला. मला वाटलं, सुटलो! पण कसलं काय. "बरं, नाही करत पॉलिश. पण प्रदर्शनात शेजारी ठेवायच्या चिठ्ठीवर नाव बाबांचंच राहील. मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढायची?"

"आणि मेलेल्या बाईची मेहनत गिळायची होय रे?"

तिने चिठ्ठी ओढून घेतली आणि जाड अक्षरांत लिहिलं, 'घासणारी: हेडविग'. होर्स्टने अर्धं वॅफल ताटातच टाकलं, यंत्र काखेत मारलं आणि दार आपटून निघून गेला.

आता मी प्रदर्शनात काचेखाली आहे, गंजाच्या डागासकट. लोक म्हणतात, "अरेरे, जरा चकचकीत तरी करायचा!" अहो, चकाकी कसली बघता? कंबरेतून वाका, तिरपी नजर टाका, त्या रेघा बघा.

आणि होर्स्ट, तू अजून आलेला नाहीस. दार वाजलं की मला वाटतं, तूच. ये रे बाबा. माझ्यासमोर उभा राहा आणि ती चिठ्ठी मोठ्याने वाच. तुझ्या बापाला तीस वर्षांत जमलं नाही, तेवढं कर. आईचं नाव घे.