कृष्णाक्कांचा कोतवाल

“बाबा, देवळापाशी गाडी आलीये. कोतवालला नेणारेत!” सुचेता धापा टाकत घरात शिरली. “तुम्ही बोला ना कमिटीशी. प्लीज!”

“कुत्रं देवळाचं. मी कोण सांगणारा?” वासुदेवरावांनी पेपरातून मान वर केली नाही. सुनेला त्यांनी तोडून टाकले खरे, पण पुढची बातमी काही डोक्यात शिरेना.

बसवनगुडीत त्यांचे तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान. गादीवर बसायचे, हुकूम सोडायचे, एवढेच त्यांना ठाऊक. आणि बायको कृष्णवेणी, सगळ्यांची कृष्णाक्का, दर गुरुवारी दत्ताच्या देवळाबाहेर स्टुलावर बसून लोकांच्या चपला सांभाळायची! सेवा म्हणे. वासुदेवरावांना मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. ते मागच्या दाराने देवळात जात. ती मात्र हसून विचारायची, “तुमच्या चपला कधी द्यायच्या माझ्याकडं?”

तिच्या शेजारी एक फाटक्या कानाचा भटका कुत्रा बसायचा. कोतवाल हे नाव तिनेच ठेवलेले. ती गेली आणि वासुदेवरावांनी देवळाकडे पाठ फिरवली. देवावर रुसले होते, दुसरे काय! कोतवाल कुणावर रुसला नाही. गुरुवारी रिकाम्या स्टुलापुढे येऊन बसायचा, तो शेवटचा जोड जाईपर्यंत. कमिटीने चपलांसाठी पगारी माणूस ठेवला, तर त्याला कोतवालाने स्टुलावर टेकू दिले नाही. दुसरा आला, तोही पळाला. म्हणून आज, ऐन गुरुवारी, ही गाडी. शहराबाहेर, आनेकलच्या पलीकडे कुठेतरी सोडून येणार होते.

“आई असत्या ना, तर गाडीपुढे आडव्या पडल्या असत्या,” सुचेता म्हणाली आणि तिला रडूच आले.

वासुदेवरावांनी पेपर बाजूला ठेवला, पायात चपला सरकवल्या.

देवळापाशी ही गर्दी. दोन माणसे जाळे घेऊन उभी होती आणि कोतवाल स्टुलापुढून हलायला तयार नव्हता.

“किरणकुमार, आत दत्ताच्या पायाशी चौघांना हार घालता, आणि पाचव्याला जाळं?” वासुदेवराव गरजले.

किरणकुमार कमिटीचा अध्यक्ष. पोर यांच्यासमोर वाढलेले. “काका, ते चौघं तसबिरीतले. ते गुरगुरत नाहीत. लोक भितात हो याला! या स्टुलावर कोणीही बसून दाखवू दे, आत्ता गाडी परत पाठवतो.”

वासुदेवरावांनी नजर फिरवली. भोवती जुनी गिऱ्हाइके होती, नातलग होते. त्यांच्यादेखत चपलांच्या ढिगात बसायचे? आणि कोतवाल आपल्यावरही गुरगुरला तर? कृष्णवेणीच्या जागेवर नवऱ्याचाही हक्क नाही, हे चारचौघांत ठरायचे. त्याचीच त्यांना खरी धास्ती होती.

तरी ते पुढे झाले. कोतवालाने दात दाखवले.

“बाबा, नका!” सुचेता ओरडली.

वासुदेवराव कसेबसे खाली वाकले, हात पुढे केला. आयुष्यात त्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता. “कोतवाला, मला पण ती हवी आहे रे,” ते म्हणाले. “यायला उशीर केला मी. स्वल्प सरक की.”

कोतवालाने हात हुंगला, धोतर हुंगले. मग तो उठला आणि स्टुलाच्या डावीकडे जाऊन बसला. कृष्णाक्का असताना बसायचा, तिथेच.

वासुदेवराव स्टुलावर बसले. सुचेताने टाळ्याच वाजवल्या, लोकांनी दत्ताचा जयजयकार केला. जाळेवालेही हसत सुटले.

“सरी काका, ठीक आहे, हरलो,” किरणकुमारने हात जोडले. “पण दर गुरुवारी कोण बसणार?”

“मी आहे ना! गाडी घालव आधी.”

रिकामी गाडी वळली. आरतीची घंटा झाली. किरणकुमार बूट काढून फळीवर ठेवायला वाकला, तोच वासुदेवरावांनी ते त्याच्या हातातून घेतले.

“काका, तुम्ही नको...”

“दे इकडं. आणि येताना प्रसाद दोघांचा आण.”

मग रांगच लागली. एकेक जोड घेऊन ते फळीवर लावत राहिले. सगळी मंडळी आत गेल्यावर त्यांनी स्वतःच्या पायातल्या चपला काढल्या आणि स्टुलापुढे ठेवल्या. कोतवालाने त्या चपलांवर हनुवटी टेकली.